नेता बाजूला झाल्यावर काय उरतं?
सुपरहिरोंच्या गोष्टी आणि मावळातली एक लढाई

जानेवारी १९८६ चा 'अनकॅनी एक्स-मेन'चा २०१ वा अंक. सरावाच्या खोलीत दोन नायक समोरासमोर उभे आहेत. एक सायक्लॉप्स, डोळ्यांतून सुटणाऱ्या लाल झोताने भिंती फोडणारा, एक्स-मेनच्या पहिल्या अंकापासूनचा म्होरक्या. दुसरी स्टॉर्म. एकेकाळी वारा, पाऊस आणि वीज तिच्या हुकमात होती; आता मात्र तिची सगळी शक्ती गेलेली आहे आणि ती चारचौघींसारखी साधी बाई उरली आहे. जो जिंकेल त्याने गटाचं नेतृत्व करायचं, असं ठरलं आहे. झुंज होते. स्टॉर्म अंधाराचा आणि आडोशाचा फायदा घेते, सायक्लॉप्सला हुलकावण्या देत राहते आणि अखेर त्याच्या डोळ्यांवरचं कवच काढून घेऊन जिंकते.

या कथेचा लेखक ख्रिस क्लेअरमाँट. त्याने पुढे जे दाखवलं ते झुंजीपेक्षा मोलाचं आहे. शक्ती नसलेली स्टॉर्म त्यानंतर महाशक्तिमान सहकाऱ्यांना हुकूम देते आणि ते ऐकतात. कारण ती प्रत्येकाला ओळखून आहे. कोण कुठे कमी पडेल, कोणाला कोणाच्या शेजारी उभं करावं, कधी माघार घ्यावी, हे तिला कळतं.

सुपरहिरोंच्या गोष्टी वाचणाऱ्या मुलांमध्ये नेहमी एक वाद रंगतो. कोण भारी, थॉर की हल्क? सुपरमॅन की बॅटमॅन? गटाचा पुढारी कोण असावा, हा प्रश्न मात्र क्वचित निघतो. खरं तर १९६० मधल्या जस्टिस लीगपासून आणि १९६३ मधल्या अ‍ॅव्हेंजर्स आणि एक्स-मेनपासून चित्रकथांनी हाच प्रश्न पुन्हा पुन्हा हाताळला आहे. वेगवेगळ्या स्वभावाची, एकमेकांवर पुरता विश्वास नसलेली, प्रत्येकजण स्वतःच्या जागी राजा असलेली माणसं एकत्र आणायची, तर ती कोणी आणि कशी बांधून ठेवायची? हा प्रश्न आपल्या मावळातही एकदा उभा राहिला होता, आणि तोही कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव या ओळखीच्या पट्ट्यात. तिथे जाण्याआधी नेतृत्व मोजायचं कशाने, ते पाहू.

मुखवटे बनवणारी मुलं

१९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एक प्रयोग झाला. तो करणारे तिघे जण होते, कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट. लेविन हे ज्यू मानसशास्त्रज्ञ. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडली होती. हुकूमशाही माणसांच्या मनाचं काय करते, हा त्यांच्यासाठी पुस्तकातला प्रश्न नव्हता.

त्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे छोटे गट केले. शाळा सुटल्यावर मुलांनी जमायचं आणि मुखवटे बनवण्यासारखी हस्तकलेची कामं करायची. प्रत्येक गटाला एक मोठा माणूस नेता म्हणून दिला. नेत्यांच्या वागण्याच्या तीन तऱ्हा ठरवल्या होत्या. पहिला सगळं स्वतः ठरवणार, पुढची पायरी कोणती तेही आधी सांगणार नाही. दुसरा मुलांशी बोलून बेत ठरवणार, कामं वाटताना त्यांचं मत घेणार. तिसरा सामान समोर ठेवून बाजूला बसणार, विचारलं तरच सांगणार.

१९३९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आजही वाचण्याजोगे आहेत. हुकमी नेता समोर असताना मुलं पुष्कळ काम करत, कधी कधी इतरांपेक्षा जास्तच. पण काही हुकमी गटांत मुलं एकमेकांवर चिडत, एखाद्याला लक्ष्य करून छळत. काहींत ती मुकाट आणि निरुत्साही होत. मोकळ्या सोडलेल्या गटात काम फारसं पुढे सरकत नसे. खरा फरक दिसला तो नेता खोलीबाहेर गेल्यावर. हुकमी गटाचं काम तिथेच थांबायचं. ज्या गटात मुलांनी बेत स्वतः ठरवलेला होता, तिथे नेता असो वा नसो, मुखवटे बनत राहायचे.

माझ्या मते नेतृत्वाची याहून चांगली कसोटी कोणी शोधलेली नाही. नेता समोर असताना किती दबदबा आहे, यावरून त्याला जोखू नये. तो बाजूला झाला, आजारी पडला, मेला, तर मागे काय चालू राहतं, ते पाहावं. या कसोटीवर आधी कागदावरचे नायक तपासू.

ढाल धरणारा, फाइली ठेवणारा आणि न दिसणारा

कॅप्टन अमेरिका हे पात्र जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी १९४१ मध्ये उभं केलं. अ‍ॅव्हेंजर्समध्ये तो चौथ्या अंकात, १९६४ मध्ये आला. तिथे वज्रासारखा हातोडा फिरवणारा थॉर आहे, पोलादी चिलखतातला आयर्न मॅन आहे. कॅप्टनकडे आहे उत्तम कसलेलं शरीर आणि एक ढाल. तरी १९६५ मधल्या सोळाव्या अंकात मूळचे सदस्य बाजूला होतात तेव्हा गट त्याच्या हाती येतो. गटात उरतात हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच, तिघेही पूर्वी नायकांच्या विरुद्ध बाजूला असलेले. त्यांच्यावर लोकांचा विश्वास नाही, त्यांचा एकमेकांवर नाही, आणि हॉकआय तर उठता-बसता कॅप्टनशी भांडतो.

कॅप्टन त्याला गटातून काढत नाही. तो त्याचं बोलणं ऐकून घेतो, सराव करून घेतो आणि लढाईत त्याच्या नेमबाजीवर भिस्त ठेवतो. पुढे १९८४ मध्ये अ‍ॅव्हेंजर्सची पश्चिम किनाऱ्यावर दुसरी शाखा निघते, तेव्हा तिचा प्रमुख हाच भांडखोर हॉकआय असतो. ज्याच्या हाताखाली दुसरा पुढारी तयार होतो, तो लेविनच्या कसोटीला उतरला.

बॅटमॅनची तऱ्हा वेगळी. तो सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत तयारीचा. २००० साली 'जेएलए' या मासिकात मार्क वेड यांनी लिहिलेली 'टॉवर ऑफ बेबेल' ही कथा आली. सहकारी कधी बिघडलेच तर त्यांना कसं आवरायचं, याच्या गुप्त फाइली बॅटमॅनने करून ठेवलेल्या असतात, जस्टिस लीगमधल्या प्रत्येकासाठी एक. त्या फाइली शत्रूच्या हाती लागतात आणि त्याच उपायांनी एकेका नायकाला लोळवलं जातं. संकट टळल्यावर लीग मतदान घेते. निर्णायक मत सुपरमॅनचं असतं. ते काय असणार हे ओळखून बॅटमॅन निकाल ऐकायच्या आधीच निघून गेलेला असतो.

बॅटमॅनचा हेतू वाईट नव्हता. बेफाम झालेली महाशक्ती जगाचा घात करू शकते, ही भीती खरीच होती. पण जी योजना सहकाऱ्यांपासून लपवावी लागते, ती सहकाऱ्यांना जोडून ठेवू शकत नाही. एकट्याच्या डोक्यात असलेलं शहाणपण गटाचं शहाणपण होत नाही.

तिसरी तऱ्हा आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांना तोंडपाठ आहे. ली फॉक यांचा फॅन्टम १९३६ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत अवतरला. १९६४ पासून टाइम्स ऑफ इंडियाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने त्याला भारतात घरोघरी पोचवलं, आणि मराठी मुलांचा तो वेताळ झाला. वेताळाकडे कुठलीच दैवी शक्ती नाही. एकाच वंशातली एकवीस माणसं, बापामागून मुलगा, तोच वेष चढवत आली. म्हणून जंगलातल्या लोकांना तो अमर वाटतो. त्याच्या हाताखाली जंगलाचं गस्ती दल आहे. आपला सर्वोच्च सेनापती कोण, हे त्या दलातल्या शिपायांनाच ठाऊक नसतं. हुकूम तिजोरीतल्या चिठ्ठीतून येतात. नेता जवळजवळ कायमच खोलीबाहेर, आणि तरी दलाचं काम चोख चालू. त्यामागे दोन गोष्टी आहेत, ठरलेले नियम आणि पुढच्या वारसाची लहानपणापासून करून घेतलेली तयारी.

याच इंद्रजालमध्ये १९७६ साली आबिद सुरती यांनी बहादूर हा भारतीय नायक आणला. तो डाकूचा मुलगा. गावोगावच्या लोकांनी दरोडेखोरांपुढे मान न तुकवता आपलं रक्षण आपणच करावं, यासाठी तो नागरिकांचं सुरक्षा दल उभारतो. बाकीचे नायक लोकांना वाचवतात. बहादूर लोकांना स्वतःला वाचवायला शिकवतो. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. जगभरच्या नायकांमध्ये बहादूरचं नाव कोणी घेत नाही, पण त्याची नेतृत्वाची कल्पना मला फार पुढची वाटते.

कार्ला ते तळेगाव, १७७९

पुण्याहून निघालेली लोकल तळेगाव, वडगाव, कान्हे करत कामशेतला येते. पुढे मळवली आणि लोणावळा. नाणे मावळाची बाजारपेठ म्हणून आणि आता पॅराग्लायडिंगसाठी कामशेत लोकांना माहीत आहे. इंद्रायणीच्या या खोऱ्यातून घाटमाथ्याकडून पुण्याकडे जाणारी वाट फार जुनी. डिसेंबर १७७८ आणि जानेवारी १७७९ मध्ये याच वाटेने ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईची फौज पुण्याकडे निघाली होती.

कारण घरातलंच होतं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव गादीवर बसले. त्यांच्याविरुद्ध पुण्यातले मुत्सद्दी आणि सरदार एकत्र आले, तेच बारभाई. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, मोरोबा फडणीस अशी वेगवेगळ्या वयाची, स्वभावाची आणि हितसंबंधांची ही माणसं. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना मुलगा झाला, तो सवाई माधवराव. बारभाईंनी त्याला पेशवा ठरवलं. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि त्यातून पहिलं इंग्रज-मराठे युद्ध पेटलं.

म्हणजे १७७९ च्या जानेवारीत मराठी राज्याचा सर्वोच्च नेता पाच वर्षांचाही नव्हता. लेविनच्या प्रयोगातल्या रिकाम्या खोलीसारखीच ही स्थिती होती: वरची जागा रिकामी, आणि खाली कामाला लागलेली माणसं.

आणि ती माणसं तरी एकदिलाची कुठे होती? अवघ्या काही महिन्यांपूर्वी, १७७८ मध्ये, मोरोबा फडणिसांनी कारभार बळकावला होता. तुकोजी होळकरांचा कल त्यांच्याकडे होता. नानांना पुरंदरावर जावं लागलं. महादजी शिंदे नानांच्या बाजूने उतरले तेव्हा मोरोबा कैद झाले. सखारामबापूंच्या निष्ठेविषयीही शंका होती. अशा गटावर सुमारे ३,९०० सैनिकांची कवायती फौज चालून येत होती. तोफा होत्या, शिस्त होती, सामानाला सुमारे १९,००० बैल होते आणि सोबत रघुनाथराव होते.

नाना फडणवीस तेव्हा ३६ वर्षांचे. तलवारबाजी हा त्यांचा प्रांत कधीच नव्हता. त्यांचं बळ होतं पत्रांत, हिशेबात आणि बातमीत. कोण कुठे फितूर होईल, कोणाला काय देऊन धरून ठेवावं, रसद कुठून तुटेल, हे ते जाणत. बॅटमॅनशी त्यांची तुलना सहज सुचते. पण या मोहिमेत त्यांनी एक गोष्ट बॅटमॅनपेक्षा शहाणपणाची केली. बेत त्यांनी सहकाऱ्यांच्या हाती दिला आणि रणांगण ज्याचं त्याला करू दिलं.

बेत असा होता की इंग्रजांना घाट चढून वर येऊ द्यायचं, मोकळ्या मैदानात समोरासमोर भिडायचं नाही, मागून रसद तोडायची आणि पुढची गावं रिकामी करून दाणा-चारा जाळून टाकायचा. वेळ पडली तर पुणंही जाळायची तयारी ठेवायची.

रणांगण सांभाळलं महादजी शिंद्यांनी. अठरा वर्षांपूर्वी पानिपतावर त्यांच्या पायाला जबर जखम झाली होती आणि ते जन्मभर लंगडत राहिले. त्या दिवशी राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून आणलं म्हणून ते वाचले. पुढे महादजींनी त्याला भाऊ म्हणून मान दिला आणि मोठा सरदार केलं. माणूस पारखायचा तो त्याच्या जन्मावरून नव्हे, कामावरून, ही महादजींची रीत होती. भिवराव पानसे तोफखाना आणि पायदळ घेऊन इंग्रजांच्या वाटेवर होते. हरिपंत फडके होते. ज्यांच्याविषयी शंका होती ते तुकोजी होळकरही मोहिमेत होते. त्यांना वगळलं असतं तर ते रघुनाथरावांना मिळण्याची भीती, आणि सगळ्या आघाडीचा भार त्यांच्यावर टाकावा इतका भरवसाही नाही. सोबत ठेवून नजर ठेवणं, हा मधला मार्ग निघाला.

समितीच्या हाती सेना

आता समोरची बाजू. मुंबईकर इंग्रजांनी मोहिमेचा अधिकार एका माणसाच्या हाती दिला नाही, तर समितीच्या हाती दिला. कर्नल एगर्टन, जॉन कारनॅक आणि थॉमस मॉस्टिन असे तिचे तीन सदस्य. एगर्टन आणि कारनॅक यांचं पटेना. मॉस्टिन पुण्याच्या दरबारात राहिलेले, माहितगार. ते आजारी पडून परतले आणि १ जानेवारीला वारले. पुढे एगर्टनही आजारी पडले आणि फौज कर्नल कॉकबर्न यांच्याकडे आली. खंडाळ्यापासून तळेगाव जेमतेम दोन दिवसांच्या पायवाटेवर, पण ते गाठायला या फौजेला दोन आठवड्यांहून अधिक लागले. रोज थोडं पुढे सरकायचं, थांबायचं, मराठ्यांचे गोळे खायचे, परत सरकायचं.

त्या फौजेत एक माणूस असा होता की ज्याच्या मागे शिपाई डोळे मिटून जात. कॅप्टन स्टुअर्ट. मराठ्यांनाही त्याच्या धाडसाचं इतकं कौतुक की त्यांनी त्याला 'इष्टूर फाकडा' केलं आणि पेशवाईतल्या साडेतीन फाकड्यांत अर्धा मान दिला. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तो तोफेच्या गोळ्याने ठार झाला. टेहळणीसाठी तो झाडावर चढला होता, असं मावळात सांगतात. वडगावात त्याची समाधी आहे. एका शूर माणसावर भिस्त ठेवलेल्या फौजेचा हुरूप त्या दिवसापासून खचत गेला. शत्रूच्या शौर्याला मान देणारी मराठ्यांची ही वृत्ती मला मोठी वाटते; पण त्याबरोबर हेही दिसतं की स्टुअर्टची जागा भरून काढायची तजवीज इंग्रजांनी केलेली नव्हती.

कार्ल्यापासून कामशेतच्या मैदानातून ही फौज ९ जानेवारीला तळेगावला पोचली. गाव ओसाड होतं, दाणा-चारा जळालेला होता. कोठारात अजून काही दिवसांचं धान्य शिल्लक असतानाच समितीचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून, सामान जाळून माघार सुरू झाली. गुपचूप निघालेली ही माघार मराठ्यांना लगेच कळली. पहाट होण्याआधीच पिछाडीवर हल्ला झाला. पिछाडीवर कॅप्टन हार्टली होता. वरिष्ठ गोंधळले असताना तो आणि त्याचे शिपाई तासन् तास टिकून राहिले. हार्टलीमुळेच बाकीची फौज वडगावपर्यंत पोचू शकली. हरलेल्या बाजूलाही कधी कधी खरं नेतृत्व मधल्या फळीत सापडतं.

वडगावात कोंडी झाली. इंग्रजांनी बोलणी सुरू केली आणि ती महादजींमार्फत पुढे गेली. १६ जानेवारी १७७९ रोजी वडगावचा तह झाला. साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत द्यायचा आणि बंगालहून येणारी फौज थांबवायची, हे इंग्रजांनी कबूल केलं. रघुनाथराव महादजींच्या ताब्यात आले. याच वाटाघाटीत महादजींनी भडोच स्वतःच्या पदरात पाडून घेतलं, हेही नोंदवायला हवं. नायकाला स्वतःचे हिशेब असतातच.

या विजयात कोणा एकाचं नाव सांगून भागत नाही. नानांचा बेत, महादजींचं रण, पानसे यांचा सततचा मारा, हे सगळं होतंच. त्या मागे आणखी एक नाव नसलेला गट होता: कार्ल्यापासून तळेगावपर्यंतचे गावकरी. त्यांनी पौषाच्या थंडीत घरं सोडली, सुगीचं धान्य आणि वैरण जळताना पाहिली. त्यांच्या नुकसानीशिवाय हा डाव जिंकता आला नसता. चित्रकथांत शहरं उद्ध्वस्त होतात आणि पुढच्या पानावर नवी लढाई सुरू होते. पाडापाडीची किंमत कोणी मोजली, हे सहसा चित्रात येत नाही. मावळातल्या त्या लोकांची नावं आपल्याकडे नाहीत, म्हणून त्यांचा वाटा सांगायची जबाबदारी आपल्यावर अधिक येते.

जिंकल्यानंतरची परीक्षा

मुंबईकर इंग्रजांनी आणि कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्सने वडगावचा तह मानला नाही. रघुनाथराव महादजींच्या पहाऱ्यातून निसटले. युद्ध पुन्हा पेटलं. १७८० च्या अखेरीस जनरल गॉडार्डने वसई घेतली आणि १७८१ मध्ये त्याची फौज बोरघाटापर्यंत आली. या वेळी महादजी उत्तरेत गुंतले होते. वडगावचा रणनायक जागेवर नव्हता. तरी हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी गॉडार्डला घाटावर टिकू दिलं नाही. एप्रिलमध्ये तो मार खात पनवेलकडे परतला. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या निष्ठेविषयी शंका होती, ते तुकोजी आता घाट राखणाऱ्यांत होते. नेता खोलीबाहेर असतानाही काम चालू राहिलं. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने हे युद्ध संपलं.

गोष्ट इथे संपली असती तर ती कॉमिकसारखी सुखान्त झाली असती. इतिहास पुढे जातो. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी गेले, मार्च १८०० मध्ये नाना गेले. तुकोजी, हरिपंत, सवाई माधवरावही त्याआधीच गेले होते. आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरला महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांच्या आणि तुकोजींचे पुत्र यशवंतराव होळकर यांच्या फौजा एकमेकांवर तुटून पडल्या. शिंदे आणि पेशव्यांची फौज हरली. पेशवे दुसरे बाजीराव वसईला पळाले आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी इंग्रजांशी तह केला. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना जे साधलं नव्हतं, ते २३ वर्षांनी वसईला फारशा लढाईशिवाय साधलं.

मार्व्हलच्या २००६-०७ मधल्या 'सिव्हिल वॉर' या मार्क मिलर यांच्या कथेत असंच घडतं. स्टॅमफर्ड शहरात नायकांच्या हलगर्जीपणामुळे स्फोट होऊन शेकडो लोक मरतात. सरकार प्रत्येक सुपरहिरोची नोंदणी सक्तीची करतं. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. मित्र मित्रांशी लढतात. शेवटच्या अंकात कॅप्टन जिंकण्याच्या बेतात असतो, तेव्हा अग्निशामक दलाचे जवान, पोलीस, सामान्य माणसं त्यालाच धरून मागे ओढतात. आजूबाजूचं शहर पाहून त्याला कळतं की आपण आता लोकांसाठी लढत नाही, फक्त जिंकण्यासाठी लढतो आहोत. तो ढाल खाली ठेवून शरण जातो. वीस वर्षांच्या वादानंतरही मला ते कॅप्टनचं सगळ्यांत मोठं नेतृत्व वाटतं. १८०२ मध्ये हडपसरच्या माळावर ढाल खाली ठेवणारा कोणी निघाला नाही.

बारभाईंनी संकट आल्यावर एकत्र यायचं कसं, हे दाखवलं. पण एकत्र येण्याची ती रीत नियमांत उतरली नाही, वारसांना शिकवली गेली नाही. ती नानांच्या पत्रांत आणि महादजींच्या दबदब्यात राहिली आणि त्यांच्यासोबत संपली. वेताळाच्या गोष्टीतलं गस्ती दल पिढ्यान् पिढ्या चालतं, कारण तिथे जागा माणसापेक्षा मोठी मानलेली आहे. ही गोष्ट काल्पनिक आहे, पण तिच्यात सांगितलेलं खरं आहे.

आपल्या हातातली कसोटी

म्हणून मुलांशी सुपरहिरोंबद्दल बोलताना 'कोण भारी' या वादातून त्यांना थोडं पुढे न्यावं. या नायकाच्या हाताखाली दुसरा कोण तयार झाला? त्याचा बेत सहकाऱ्यांना माहीत होता का? त्याच्या विजयाची किंमत कोणी मोजली? या तीन प्रश्नांची उत्तरं शोधताना मुलं नेतृत्वाविषयी जे शिकतील, ते कोणत्याही व्याख्यानात मिळणार नाही. वडगावची लढाईही शाळेत याच प्रश्नांसकट शिकवता येईल. मावळातल्या मुलांना तर ती आपल्या रोजच्या रेल्वेमार्गावर, स्टेशनागणिक उलगडून दाखवता येईल.

आणि हे प्रश्न मोठ्यांनाही लागू आहेत. गावातलं गणेशोत्सव मंडळ, दूध संस्था, बचत गट, क्रिकेटचा संघ, ग्रामपंचायत, कुठेही एकच माणूस सगळं ओढत असतो आणि आपण त्याचं कौतुक करतो. तो खरोखर मोठा असेल तर हिशेबाची वही दुसऱ्याला समजेल अशी ठेवेल, निर्णय चार लोकांत घेईल, विरोध करणाऱ्याला शेजारी बसवेल आणि वेळेवर खुर्ची सोडेल. आपणही त्याच्याकडून तेवढं मागायला शिकलं पाहिजे. वडगावला मराठे जिंकले ते अनेकांच्या बळावर, आणि पुढे हरले ते त्या अनेकांना बांधणारी रीत मागे न ठेवल्यामुळे. शूर माणसांची आपल्याकडे कधी वाण नव्हती. आपल्याला शिकायचं आहे ते शूर माणूस गेल्यावरही चालू राहील असं काम उभं करायला.